बद्रीनाथची प्रश्नचिन्हं

पाटोद्यात बद्रीनाथ घुलेला सगळे 'सॉफ्टवेअर' म्हणतात. त्याच्या नावापुढं राव लावायचं की सर, हा प्रश्न त्यामुळं परस्पर सुटला आहे. पुण्यात एका कंपनीत त्यानं काही वर्षं प्रोग्रॅम लिहिले. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्याला आईच्या तब्येतीची आठवण झाली आणि तो परत आला. आता स्टँडमागच्या त्याच्या दुकानात झेरॉक्स निघते, फोटो निघतात, आणि कुणी मागितला तर प्रोग्रॅमही निघतो. कुणी मागत नाही. गिऱ्हाइकानं तक्रार केली की तो आपली स्क्रीन त्याच्याकडं वळवतो आणि म्हणतो, "माज्याकडं तर बरोबर हाय." गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

मागच्या वर्षी सुंदररावांनी प्रोग्रॅम मागितला. सुंदरराव गावातल्या एका संस्थेचे अध्यक्ष. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी संस्थेचं वसतिगृह आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. जिला वसतिगृहात जागा मिळते ती इथं राहून शाळा शिकते. जिला मिळत नाही ती आईबापामागं उसाच्या फडावर जाते आणि धाकटं भावंड सांभाळते. मधली सोय नाही. शाळांकडून येणाऱ्या यादीत एकच पोरगी दोनदा येई, कधी चुकून, कधी न चुकता. ही दुबार नावं गाळणारा प्रोग्रॅम सुंदररावांना हवा होता.

पहिलं कोडं निघालं ते चंद्रभागाबाई कुऱ्हाडेंच्या मुलीचं, संस्कृतीचं. पोरगी सातवीत. आदल्या हंगामात तिला जागा मिळाली नव्हती आणि अर्धी सहावी तिनं कर्नाटकात फडावर काढली होती. या वेळी तिचं नाव दोनदा आलेलं, पण प्रोग्रॅमला त्या दोन वेगळ्या मुली वाटत होत्या. बद्रीनाथनं कारण हुडकलं: कुऱ्हाडेतला तो कोयत्यासारखा वाकडा अर्धा र. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत. मास्तरांनी मोबाइलवर एक वापरली, संस्थेच्या टायपिस्टनं दुसरी. या दुसरीत मधे एक न दिसणारं अक्षर बसतं. डोळ्याला कुऱ्हाडे एकच, मशीनला दोन घराणी. बद्रीनाथनं ते न दिसणारं अक्षर काढून सगळे र एका रीतीचे केले आणि दिवसभर तो खुशीत होता.

चंद्रभागाबाई फोटोसाठी दुकानात आल्या होत्या. त्यांना त्यानं स्क्रीन दाखवली.

"बघा काकू, आता तुमची पोरगी एकच."

"एकच हाय की. मी कवा दोन म्हनले? जागा भेटन का तेवढं सांग."

"भेटन. माज्याकडं बरोबर दाखवतंय."

संस्थेच्या ऑफिसातल्या मशीनवर त्यानं प्रोग्रॅम चालवला तेव्हा स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीतून नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा सरकू लागल्या. टायपिस्ट वर्षाराणी म्हणाली, "सॉफ्टवेअर, हे लई इचित्र दिसायलंय."

"दिसायलाच तसं हाय. ह्या खिडकीत मराठी उमटत न्हाई. आत बरोबर असतंय."

हे पुष्कळदा खरं असतं, धोका तिथंच आहे. निकाल नुसत्या क्रमांकांत आला. चार नावं दुबार म्हणून गळाली. सुंदररावांनी सही केली, चहा झाला.

यादी लागली त्या दिवशी चंद्रभागाबाई दुकानात आल्या. "सॉफ्टवेअर, माजी पोर कुठं गेली?"

त्यानं स्क्रीन वळवली. नाव होतं. "माज्याकडं तर..."

"तुज्याकडं हाय रे. पर तुज्याकडं ठिवायची न्हाई मला तिला."

तो ऑफिसात गेला. तोच प्रोग्रॅम, तीच नावं, दोन मशीन, दोन उत्तरं. दुपार गेल्यावर उलगडा झाला. मशीन अक्षरं ठेवत नाही, आकडे ठेवतं. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचं कोष्टक असतं. कोणतं कोष्टक घ्यायचं हे बद्रीनाथनं प्रोग्रॅममध्ये लिहिलंच नव्हतं, आणि न लिहिलेलं प्रोग्रॅम मशीनला विचारतो. त्याचं मशीन मराठी कोष्टक देई. ऑफिसचं जुनं मशीन इंग्रजी. प्रोग्रॅम आधी नावं एका फायलीत उतरवी, मग ती फाइल वाचून जुळवी. उतरवताना ज्या अक्षराला कोष्टकात जागा नसेल त्याच्या ठिकाणी एक प्रश्नचिन्ह बसे. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं मशीन वेगळं अक्षर धरतं. त्या हिशेबानं ऐश्वर्याची अक्षरं आठ, नागरगोजेची आठ. संस्कृतीची आठ, कुऱ्हाडेची आठ; दोघींच्या जागी प्रश्नचिन्हांची एकसारखीच रांग. ऐश्वर्या नागरगोजे यादीत वर होती, म्हणून संस्कृती तिचीच दुसरी नोंद ठरली.

ते न दिसणारं अक्षर काढलं नसतं, तर दोनपैकी एका नोंदीत कुऱ्हाडेची नऊ भरली असती आणि पोरगी वाचली असती. हे त्यानं चंद्रभागाबाईंना सांगितलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती करून तो सुंदररावांपुढं उभा राहिला.

"काका, चूक प्रोग्रॅमची हाय. कुऱ्हाड्याची पोरगी यादीत पायजे."

"बाकी तिघींच्या घरून फोन आलते. त्यांची नावं पेनानं वाढवली. आता जागा न्हाई."

"पर चूक..."

"प्रोग्रॅमची हाय म्हनतूस. मग प्रोग्रॅमला ठिवू का वसतिगृहात?"

पेनाला कोष्टक लागत नाही. फोन मात्र लागतो, आणि चंद्रभागाबाईंच्या फोनमध्ये सुंदररावांचा नंबर नव्हता. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा होता. ट्रक ठरल्या दिवशी निघाला. संस्कृती तिच्या लहान भावाला मांडीवर घेऊन भांड्यांच्या पोत्यावर बसली होती.

डिसेंबरात वसतिगृहातली एक मुलगी घरी गेली ती आलीच नाही. लग्नाची पत्रिका छापलेली नसल्यामुळं कुणाला काही ठाऊक नव्हतं. जागा रिकामी झाली. बद्रीनाथनं प्रोग्रॅम चालवला, संस्कृती कुऱ्हाडे हे नाव अर्ध्या र सकट नीट उमटलं, सुंदररावांनी सहीही केली. मग त्यानं स्वतःच फोन लावला.

"काकू, जागा झाली. पोरीला पाठवा."

"कुनासंगं पाठवू?" पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. "आन ती गेल्यावर बारकं कोन बघन? मी फडात, ह्ये बी फडात." मग त्या म्हणाल्या, "तवाच कावून न्हाई केलं रे?"

त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते कोष्टकापासून सुरू होत होतं.

आठवडाभर हजर न झालेल्या मुलीचं नाव कमी करायचं, असा संस्थेचा नियम आहे. तेही काम आता प्रोग्रॅमच करतो. बद्रीनाथनं तो आधी आपल्या दुकानात चालवला, मग ऑफिसात. दोन्हीकडं उत्तर एकच आलं.