डॉक्टर कुर्बेइरांची मंगळवारची पेशंट

निबिया सागार्रा पहिल्यांदा दवाखान्यात आली, तेव्हा मी तिला लगेच ओळखलं नाही. डॉक्टर कुर्बेइरांच्या दाराशी बसून नंबर द्यायचं काम मी नऊ वर्षं करत होते. उरुग्वे नदीकाठचं आमचं गाव एवढंसं. मांसाच्या कारखान्यातली प्रत्येक बाई मला तोंडओळखीने ठाऊक. निबिया तिथे डब्यांवर लेबलं चिकटवायची आणि जेवणाच्या सुट्टीत युनियनची पत्रकं वाटायची. लष्कराने तिला उचललं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. लष्कराची राजवट गेल्यावर सुटली ती पस्तिशीची होऊन, समोरचे दात गमावून. त्यालाही आता चार वर्षं झाली होती.

"काय होतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मला? काही नाही. नंबर द्या, मी बसते."

काखेत कडू चहाचा थर्मास घेऊन ती बाकावर बसली. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सहज विचारलं, "डॉक्टर चांगले आहेत ना हो?"

"उत्तम!" निबिया म्हणाली. "नाडी तर अशी बघतात! बराकीत माझं डोकं पाण्याच्या हौदात बुडवायचे ना, तेव्हा हेच शेजारी उभे असायचे. मनगट धरायचे, घड्याळ बघायचे आणि शिपायांना सांगायचे, चालू द्या, हिला अजून सोसेल. अंदाज एकदाही चुकला नाही. बघा, बसलेय की तुमच्यासमोर!"

गृहस्थांनी हॅट उचलली आणि ते निघून गेले.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "इर्मा, त्या बाईला बाहेर काढ." चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, रागाने.

ती हलेना, म्हणून पोलीस बोलावला. तो तिच्याच गल्लीतला. "बाई, कशाला जुनी मढी उकरता?"

"ज्यांनी मारलं त्यांच्यावर खटला भरायचा नाही, असा कायदा केलात ना? मग नुसतं बसणारीवर कुठल्या कायद्याने भरणार, ते सांग."

तो डोकं खाजवत गेला.

त्यानंतर दर मंगळवारी निबिया हजर. कुणाला तापाचं विचारायची, कुणाच्या लेकीचं कौतुक करायची आणि मग गोड आवाजात तेच सांगायची. महिनाभरात मंगळवारचे पेशंट बुधवारी येऊ लागले, तशी ती बुधवारीही यायला लागली.

मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. माझ्या आईचं हृदय अधू. पुराच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत डॉक्टर आमच्या घरी आले होते. त्यांच्या औषधांवर आई पुढे सहा वर्षं जगली. एकदा मी निबियाला सुनावलंच. "देवमाणूस आहे तो. माझ्या आईला वाचवलंय त्यांनी."

"मलाही वाचवलंय गं," ती म्हणाली. "आठ वेळा. दुसऱ्या दिवशी परत बुडवता यावं म्हणून."

मी तोंड फिरवलं. खोटं बोलतेय, असंच मी मनाला बजावत राहिले.

शेवटी एका मंगळवारी तिच्याशिवाय कुणीच आलं नाही. डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. "या आत. संपवू एकदाचं." दार नीट लागलं नाही. मी टेबलाशी होते.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"तुमचं वाटोळं."

मग डॉक्टर म्हणाले, "मी नसतो तर तुम्ही तिथेच मेला असता. मी कुणाला हात लावला नाही. किती वेळ, एवढंच सांगायचो."

"परत म्हणा."

"कशाला? इथे ऐकायला कोण आहे?"

मी होते. इतके दिवस मनाला घातलेली समजूत त्या एका वाक्याने संपली.

निबियाने डॉक्टरांच्या संघटनेकडे तक्रार केली. मोंतेविदेओला चौकशी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, बराकीत आपण कधी पाऊलही ठेवलेलं नाही. त्या दिवशी दार फटभर उघडं राहिलं होतं, हे निबियानेही पाहिलं होतं; ती माझ्या घरी आली. "येशील साक्षीला?" एवढंच म्हणाली. ती विनवायला आली नव्हती.

मी गेले. ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला गाठलं. "इर्मा, तुझ्या आईसाठी मी काय कमी केलं?"

"खूप केलंत. म्हणूनच इतकी वर्षं मी काही विचारलं नाही."

संघटनेने त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं. तुरुंग नाही, दंड नाही. पण इस्पितळाने दार बंद केलं, पाटी उतरली, पेशंट नदीपलीकडच्या डॉक्टरकडे जाऊ लागले. माझी नोकरी अर्थातच गेली. दुपारी ते चौकात बसायचे. निबिया समोरच्या बाकावर बसायची आणि टक लावून बघायची. ते बाक बदलायचे, तीही बदलायची. पाद्रीबाबा म्हणाले, "आता माफ कर, पोरी. थकलाय तो."

"माफी मागायला आला होता का तुमच्याकडे? नाही ना? मग तुम्हाला कसली घाई?"

हिवाळ्यात ते बायकोसह लेकाकडे राजधानीत निघून गेले. घर विकलंही नाही, नुसतं कुलूप घातलं. त्या दिवशी निबियाने मला घरी बोलावून मांस भाजलं आणि वाइन उघडली.

"आता तरी शांत वाटतं का?" मी विचारलं.

"शांत?" ती नव्या कवळीने खदखदून हसली. "मजा येते गं! वीस वर्षांत एवढी मजा आली नव्हती." मग हाड चोखत म्हणाली, "बराकीत आणखी एक होता. फाटलेलं शिवून परत पाठवायचा. साल्तोला दवाखाना आहे त्याचा, मुलांचा. तू सध्या रिकामीच आहेस ना?"

मी हो म्हणाले. आईला याचं काय वाटलं असतं, हा विचार मनात आला तो साल्तोची बस सुटल्यावर.