भाकरीचा रॅप आणि माझं भाषण

माझं पोट माझ्या विचारांशी सहमत नाही. विचार पेटते निखारे, पोट मात्र कांद्याच्या एका फोडीला शरण जातं. शेवटी परभणीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी महिनाभर गहू, कांदा, लसूण बंद केले. (याला ‘लो फॉडमॅप’ आहार म्हणतात. आमच्या पालम गावात याला उपास म्हणतात.) ‘ज्वारीच्या भाकरीचा रॅप खा,’ एवढी सूट दिली.

त्याच आठवड्यात परभणीत माझं भाषण होतं. विषय : मुलींसाठी स्वच्छतागृहं. आमचं घर चळवळीतलं, वह्यांना कव्हरंसुद्धा उरलेल्या पत्रकांची असायची, त्यामुळे या मागणीची पत्रकं मी तीन वर्षं वाटत होते. पण मागच्या सभेत ‘आता माघार नाही’ म्हणाले आणि पोट धरून पळाले. यंदा अर्धा तास टिकायचंच होतं. मी स्वयंपाकघराच्या दारावर पत्रक चिकटवलं : ‘गहू, कांदा, लसूण यांना प्रवेश बंद!’

भाकरी मात्र दुमडेना. आई गुंडाळायची, तुकडे पडायचे.

"रॅप न्हाई, चुरा हाय ह्यो," काकू म्हणाली.

भाषणाच्या दिवशी मात्र भाकरी रुमालासारखी दुमडली. एसटीत मी दोन रॅप खाल्ले आणि शेजारच्या मावशींना ऐकवलं, "शंभर टक्के ज्वारी."

"लय मऊ हाय की. आमची न्हाई होत अशी."

"निष्ठा लागते, मावशी."

गंगाखेडला पोट कुरकुरलं. परभणीला ते घोषणा देऊ लागलं. मी घरी फोन लावला.

"आई, भाकरीत काय घातलंस?"

"काय न्हाई ग. मोडायलती, म्हनून कणीक घातली. मूठभरच."

मागून काकू म्हणाली, "चटनीत लसनाची एकच पाकळी हाय. बिनलसनाची चटनी लेकराला कशी द्यावी?"

मग बाबांनी फोन घेतला. "कांदा म्या घातला. भाषन करायचंय, अंगात जोर नको?"

"बाबा, पत्रक वाचलं नाहीत का?"

"वाचलं की. लय चांगलं लिव्हतीस."

रागवायला हवं होतं. पण तिघंही पहाटे उठून, एकमेकांना चोरून माझ्या डब्यापाशी गेले होते. माझे डोळे भरून आले. पोट तर आधीच भरून आलं होतं.

सभागृहात शिरताच मी मुलींचं स्वच्छतागृह शोधलं. त्याला कुलूप! तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

अर्ध्या तासाचं भाषण मी चार मिनिटांत आटोपलं. इतिहास गाळला, आकडे गाळले. मूठ आवळून (आणखीही बरंच आवळून) म्हणाले, "स्वच्छतागृह ही उद्याची गरज नाही, या क्षणाची आहे. समोरचं कुलूप आत्ता उघडा. पाच मिनिटांनी नाही, आत्ता!"

मुली उठून उभ्या राहिल्या. टाळ्या थांबेनात. सभागृहाच्या व्यवस्थापक बाई किल्ली घेऊन धावत आल्या.

"ताई, एवढी तळमळ म्या कुनात बगितली न्हाई. कुठून आनलीत?"

"घरून," मी म्हणाले, आणि किल्ली हिसकावून पळाले.