गुंडप्पाची जादा प्रत

गुंडप्पावर कुणी चार ओळी लिहील असं मला वाटत नाही. मेला तर क्लासवाल्यांच्या गल्लीत अर्धा दिवस दुकान बंद राहील, एवढंच. म्हणून मीच लिहिते. मला तो आवडत नाही हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं मनात ठेवून लिहिलं. मनात काही ठेवलेलं नाही, सगळं त्याच्या तोंडावर बोलून झालंय.

माणूस निलंग्याकडचा. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, चिडला की दोन्ही. लातुरात आधी टायपिंगचं दुकान, मग झेरॉक्सचं यंत्र. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ते यंत्र थंड झालंच नाही. आधी भूकंपग्रस्तांचे अर्ज, पंचनामे, वारसाचे दाखले. ते सरत आले तोवर क्लासची लाट आली. नांदेडहून, हिमायतनगरहून पोरं बारावीला लातुरात येऊन राहायला लागली आणि त्यांच्या नोट्स गुंडप्पाच्या काचेवर पडायला लागल्या. त्याची एक सवय होती. कुणी चांगल्या नोट्स आणल्या की मागितल्यापेक्षा एक प्रत जादा काढायची आणि खालच्या कप्प्यात सारायची. वर्षभर असं गोळा करायचं, चार क्लासचं ताडून बघायचं आणि परीक्षेआधी 'अपेक्षित प्रश्नसंच' काढायचा. प्रश्नापुढं चांदण्या. एक चांदणी म्हणजे येऊ शकतो, तीन म्हणजे हमखास. एका साली जीवशास्त्राचे तीन हमखास खरे निघाले. तेव्हापासून दहावी नापास गुंडप्पाला पोरं सर म्हणायला लागली. मी स्वतः सातवी, बाकीचं तहसीलच्या पायऱ्यांवर लोकांचे अर्ज लिहीत शिकले. शिक्षणावरून कुणाला हिणवायचं कारण नाही मला. पण चोरीला सर म्हणणं माझ्याच्यानं होत नाही.

अठ्ठ्याण्णव साली पोळ्याच्या सुमारास टीव्हीवर एक जाहिरात यायला लागली. 'वायुवीर' नावाची मालिका येणार, दिवाळीनंतर, दर रविवारी. जाहिरात वीस सेकंदांची. दगडांचा ढिगारा, धूळ, ढिगाऱ्यातून वर येणारा एक हात, निळा लखलखाट, आणि एक जाडा आवाज विचारतो, कोण आहे हा? बस. चेहरा नाही, कथा नाही. मुंबई-पुण्याच्या पोरांना त्यात काय दिसलं असेल कोण जाणे. आमच्याकडं दगडांचा ढिगारा म्हटलं की एकच गोष्ट आठवते. वायुवीर आपल्याकडचा, भूकंपात गाडला गेलेला, जमिनीच्या पोटातून ताकद घेऊन निघालेला, हे गल्लीत आठवड्याभरात ठरून गेलं. मग भांडणं उरली ती बारीकसारीक. किती तास आत होता. निळा उजेड खालून आला की वरून. खलनायक कोण. मेसमध्ये पोरांचं वरण ताटात थंड व्हायचं आणि वाद चालूच.

गुंडप्पाच्या कानावर हे आलं आणि त्याचा हात शिवशिवला. निघाला 'वायुवीर अपेक्षित संच, भाग एक'. एक पान, दोन्ही बाजू. 'प्रश्न पहिला: नायकास शक्ती कशी प्राप्त झाली? तीन चांदण्या.' खाली चार संभाव्य उत्तरं. खोटं कशाला बोलू, मीही वाचला. भूकंपानंतर बांधलेल्या नव्या गावठाणातल्या घरांत सिमेंट कमी घालणारा ठेकेदारच खलनायक निघणार, या अंदाजाला त्यानं एकच चांदणी दिली होती. मी तीन दिल्या असत्या.

आता राजकन्या. नाव बदललंय, आणि तिला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "माझ्यावर नको मावशी, त्याच्यावर लिवा."

तेरणाकाठच्या एका गावात तिचं घर होतं. बारा वर्षांची असताना ते तिच्यावर पडलं. आई, बाप, आजी आणि धाकटा भाऊ गेले. ती एकतीस तासांनी जिवंत निघाली. मी तेव्हा तंबूत बसून बायकांचे अर्ज लिहीत होते. तिला मुरुडला मामाकडं पोचवणारी मीच. पुढं दोन वर्षं जो येईल तो तिला सांगायला लावायचा. मोटारीतून येणारे, कॅमेरेवाले, शाली वाटणारे. मामी हाक मारायची, "राजकन्ये, ये, पाव्हण्यांना सांग." आणि पोर पाढे म्हटल्यासारखं सांगायची. मग एक दिवस तिनं तोंड मिटलं. लातुरात शिकायला आली तेव्हा सगळ्यांना गाव मुरुड सांगितलं. मला म्हणाली, "इथं मी रोल नंबर हाय, मावशी. लई बरं वाटतं." तिला एवढंच हवं होतं. दुसरं काही नाही.

वसतिगृहाच्या सवलतीसाठी तिला भूकंपग्रस्ताचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत जोडायची होती. पंचनाम्यात गाव, गेलेली माणसं, ढिगाऱ्याखालचे तास, सगळं. भर दुपारी, दुकानात कुणी नाही असं बघून ती गुंडप्पाकडं गेली. दोन प्रती मागितल्या. त्यानं तीन काढल्या.

पुढच्या आठवड्यात भाग दोन आला. 'खात्रीलायक माहिती: याच गल्लीत बारावीला असलेली एक विद्यार्थिनी ढिगाऱ्याखाली एकतीस तास होती. नायकाचे तासही एकतीसच. तीन चांदण्या.' नाव नव्हतं. पण गाव मुरुड सांगणारी आणि आईबापाचं नाव कधी न काढणारी मुलगी गल्लीत एकच होती. दोन दिवसांत तिला हुडकली.

तिच्या खोलीतली मृण्मयी, नांदेडच्या प्राध्यापकाची लेक, तशी वाईट पोरगी नव्हती. तीच पहिली. "अगं, आधी सांगायचं ना. आत असताना उजेड दिसला का गं?" मग जिन्यात, मेसमध्ये, क्लासच्या दारात. एक बहाद्दर तर वही घेऊनच आला.

राजकन्या रडली नाही. मृण्मयीला म्हणाली, हो, हिरवा उजेड होता. वहीवाल्याला सांगितलं, एक म्हातारा बोलत होता, कानडीत. तिसऱ्याला, पायाशी नाग होता, त्यानं तीनदा फणा काढला. जो विचारेल त्याला वेगळं. भाग तीनमध्ये उजेड, म्हातारा आणि नाग तिघंही छापून आले, प्रत्येकाला दोन-दोन चांदण्या.

हे सगळं तिनंच येऊन मला सांगितलं. मी विचारलं, "असं का सांगत सुटलीस?"

"खरं सांगितलं की परत विचारतेत, मावशी. खोटं सांगितलं की लिहून घेऊन जातेत." मग म्हणाली, "पण त्यो पंचनामा त्याच्याकडं हाय. तेवढा आणून द्या."

मी तशीच उठले. दुकानात चार पोरं होती, त्यांच्यासमोरच म्हणाले, "गुंडप्पा, पोरीचा पंचनामा काढ."

"कोणता पंचनामा, बाई? बसा. चहा सांगतो."

"चहा तुझ्या यंत्रात ओत. कागद काढ."

"मी नाव छापलंय का कुठं? दाखवा. उलट कौतुकच करायलोय. आपल्या भागाचं नाव होतंय."

"तिनं मागितलं होतं कौतुक?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "तुम्ही मोर्चात माईकवर लोकांची दुःखं सांगता, बाई. ती समद्यांना विचारून सांगता काय?"

हे मला लागलं. चौऱ्याण्णवच्या भूकंपग्रस्तांच्या मोर्चात मी याच पोरीची गोष्ट माईकवरून सांगितली होती. हा त्या गर्दीत असणार. लागलं म्हणून आणखी चिडले, काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं कप्पे उघडून दाखवले. वर वनस्पतिशास्त्र, खाली वनस्पतिशास्त्र. पंचनामा नाही. हात हलवत परत आले.

दिवाळी झाली. रविवारी मेसमध्ये रंगीत टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडप्पा पुढच्या बाकावर, मांडीवर तिन्ही भाग. राजकन्येला म्हटलं, तू कशाला येतेस? तर म्हणाली, "न्हाई आले तर मागनं अजून काय काय जोडतील."

वायुवीर निघाला हिमालयातल्या कुठल्याशा राजाचा मुलगा. शक्ती दिली धूमकेतूनं. आणि तो ढिगारा खलनायकाच्या किल्ल्याचा, थर्माकोलचा. एक दगड घरंगळत आला आणि नायकाच्या पायाला लागून टुणकन उडाला. मेस अशी गप्प झाली, जसा पेपर हातात पडावा आणि त्यात अपेक्षितमधलं काहीच नसावं.

मग सुरू झालं. "सर, एक पण नाही आला."

"हमखासवाला पण गेला, सर."

"नाग कुठाय, सर? का पुढच्या रविवारी निघणार बिळातनं?"

पोरं हसली. गुंडप्पाला हसणं सोसलं नाही. उठला आणि राजकन्येकडं बोट केलं. "मला काय बोलता? उजेड ती म्हणली, नाग ती म्हणली. मी मनाचं अक्षर घातलं न्हाई. हे बघा, सरकारी कागद हाय." शर्टाच्या आतल्या खिशातून त्यानं एक घडी काढून उलगडली. पंचनामा. अंगावर घेऊन फिरत होता.

माझी चप्पल हातात आली होती. राजकन्येनं मला मागं सारलं, पुढं गेली आणि कागद त्याच्या हातातून घेतला. ओढला नाही. काउंटरवर प्रत घेतात तसा घेतला.

"मग खरं काय झालं होतं आत?" मृण्मयीनं हळूच विचारलं.

"काही न्हाई झालं. अंधार होता. तहान लागली. भाऊ पहिल्या दिवशी बोलत होता, मग न्हाई. उजेड दिसला तो बाहेर काढल्यावर."

वहीवाल्याची वही मिटलेलीच होती.

सोमवारी जिन्यात, मेसमध्ये, क्लासच्या दारात कुणी तिला एक शब्द विचारला नाही. धूमकेतू परत येणार का, यावर भांडणं लागली होती. ती आता अभ्यासक्रमात नव्हती. तिला हेच हवं होतं, मला ठाऊक आहे. तरी माझा जळफळाट झाला. एवढं ऐकून उठली आणि धूमकेतूला लागली कार्टी. गुंडप्पानं त्याच आठवड्यात भाग चार काढला, आणि सर, सर करत तीच पोरं रांगेत. मी त्याला माफ केलेलं नाही. त्यानंही कधी मागितलेली नाही.

पंधरा दिवसांनी राजकन्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. मामा मुरुडला, अर्ज उद्याच द्यायचा, म्हणून पालकाच्या जागी माझी सही हवी होती. अर्जाला पंचनामा टाचलेला, मधोमध गुंडप्पाच्या खिशातली घडी.

"त्याचीच प्रत लावली," ती म्हणाली. "लई साफ निघालीय."

मोर्चातल्या त्या माईकबद्दल तिच्याशी बोलायचं मी मनात धरलं होतं. पण ती घाईत होती, क्लास होता. मी सही करून दिली.