कारपार्कमधले रविवार

स्लाऊच्या अरुणाताईंनी इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या जुन्या मठांचे कारपार्क पाहिले होते. मठ मात्र एकही नाही. दर रविवारी ज्ञानेश्वरराव गाडी काढायचे, बायकोला खेड्यापाड्यांतून फिरवायचे आणि एखाद्या अ‍ॅबीशी, म्हणजे तसल्या मठाशी, पोचले की कॅमेरा गळ्यात अडकवून म्हणायचे, "पडक्या भिंती आहेत गं नुसत्या. तुला काय कळणार त्यातलं? तू गाडीत बस, डबा काढून ठेव." आणि ही बाई, लग्न झाल्यापासून, मुकाट्याने डबा काढून बसायची.

मग ज्ञानेश्वररावांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अरुणाताई उतारवयात ड्रायव्हिंग शिकल्या आणि रविवारी नवऱ्याला गाडीत बसवून निघाल्या. मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या हौसेसाठी किती करते बिचारी! कौतुक करायला लोकांचं काय जातं?

ग्लास्टनबरीच्या अ‍ॅबीला त्यांनी गाडी मुद्दाम टॉयलेटच्या भिंतीकडे तोंड करून लावली. कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यात अडकवला, काच बोटभर खाली घेतली. व्हीलचेअर डिकीतच राहिली. त्या एकट्याच आत गेल्या, कमानींखालून सावकाश हिंडल्या, उन्हात बसून आइस्क्रीम खाल्लं.

परतल्या तेव्हा ज्ञानेश्वररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी डावा हात कसाबसा अ‍ॅबीच्या दिशेने उचलला.

अरुणाताईंनी तो हात खाली ठेवला, डबा उघडला आणि पोह्यांचा चमचा त्यांच्या तोंडाशी नेला.

"पडक्या भिंती आहेत हो नुसत्या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय कळणार त्यातलं?"