पपईचा चीक

१८ जानेवारी, शनिवार. दुसऱ्या दिवशीच्या मटणाला लावायला कच्ची पपई किसत होते. चीक बोटांना चावत होता. तेवढ्यात प्रकाशचा, माझ्या धाकट्या दिराचा, फोन आला. त्याच्या नव्या घरी रविवारचं जेवण होतं आणि मटण माझ्याकडे होतं.

"वहिनी, आक्काला नका हं आणू. माझे साहेब येणार आहेत. ती चारचौघांत माझं लहानपण काढत बसते."

सासूबाई गेल्यावर आक्कांनीच, माझ्या मोठ्या नणंदेनं, त्याला वाढवलं. त्यात स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच.

फोन ठेवला आणि दात-ओठ खात किसत राहिले. या चिकातलं प्रथिनं कापणारं एन्झाइम मी कॉलेजात शिकवते. ते तयार होतं तेव्हा त्याला एक जादा तुकडा जोडलेला असतो. तोच त्याला नीट दुमडून आकार देतो आणि त्याची धार झाकून ठेवतो. आकार पक्का झाला की तो तुकडा कापला जातो आणि मगच एन्झाइम कामाला लागतं. पण त्याचा नाइलाज असतो. तो तुकडा तसाच राहिला तर त्याला काहीच कापता येणार नाही. प्रकाशचं काय अडलं होतं? आक्का एका खुर्चीत बसल्या असत्या, एवढंच!

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांना रिक्षात बसवलं.

"पक्यानं बोलावलंय ना गं?"

"मी बोलावलंय," म्हटलं आणि मटणाचा मोठा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "घट्ट धरा. आता तुम्ही पोचल्याशिवाय साहेबसुद्धा जेवत नाहीत."