रिकामी चिमूट

सातवीतून शाळा सुटली आणि कोल्हापूरकडची मी सत्तरच्या दशकात लग्न होऊन नागपुरात, सक्करदऱ्याला आले. हुंड्याचा विषय मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, काढूच दिला नाही. माझ्या बोलण्याला सगळेच हसत, पण त्यांचं हसणं लागायचं नाही. मी "का?" म्हटलं की म्हणायचे, "काहून म्हण वं पोरी, काहून!" आणि पोट धरून हसायचे.

मग ते हसणं बंद झालं. जेवताना माझ्याकडे बघत राहायचे, चेहरा दगडाचा, पापणीही हलेना. उजवा अंगठा बोटांवर सारखा फिरायचा, तंबाखू मळल्यासारखा. शेजारी फाटकातून ओरडायचे, "चुना देऊ काय गा? किती मळून राहिला!" चिमूट रिकामीच असायची.

सासूबाई म्हणाल्या, "तुह्यावरच राग हाय त्यायचा. काय केलं तू?"

मी आठवून आठवून दमले. माहेरी धाडलं तर? तिथं पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. विचारायची हिंमत नव्हती. ताट वाढायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायचं, एवढंच.

एका दुपारी घरात दोघंच होतो. ते काहीतरी पुटपुटले, मला ऐकू आलं नाही. "का हो?" तोंडातून निघून गेलं. ते नुसते बघत राहिले. मला रडूच फुटलं. "मामाजी, माझं काय चुकलं?"

त्यांचा बारीक आवाज आला, "मी हसून राहिलो वं पोरी. तुले दिसत नाही काय?"

पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन. त्यात आत नेमकं काय होतं, ते मात्र आत्ता डॉक्टरकी शिकणाऱ्या नातीकडून कळलं. मेंदूतली पेशी आपला केर आपणच काढते, बिघडलेली प्रथिनं मोडून टाकते. या आजारात ते झाडणं तुंबतं. मग त्यातलं काही ती बाहेर लोटते. तिला तेवढंच हलकं होत असेल, पण शेजारची पेशी ते आत घेते आणि तिच्याही घरात तुंबायला लागतं. सगळं अजून उलगडलेलं नाही, असंही ती म्हणाली. मला आमची गल्ली आठवली. आपला ओटा झाडायचा, केर पुढच्याच्या दारी. अशा एकेक करत हालचाल सांभाळणाऱ्या पेशी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर मामाजींचा चेहरा.

त्या दुपारनंतर मी दाराआड उभी राहिले नाही. त्यांच्यासमोर बसून मुद्दाम "का?" म्हणायचे आणि थोडी थांबायचे, त्यांचं हसून होईपर्यंत.