अक्कानं निवडलेला वकील

अक्का गेल्याचा निरोप शाळेत आला. मी सातवीवर गणित शिकवत होतो. खडू खाली ठेवला आणि तसाच बस स्टँडवर गेलो. शाळा खटकचिंचोळीला, तिथून आळंदकडचं आमचं गाव लांब. पोचेपर्यंत तिला नेण्याची तयारी झाली होती... पुढं शोकसभेत एका पुढाऱ्यानं तिला ‘सोशिक माउली’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. माझी थोरली बहीण दुसरं काहीही असेल, सोशिक नव्हती. भांडखोर होती, हट्टी होती, तोंडानं फटकळ होती. तशी होती म्हणूनच मी आज मास्तर आहे, नाहीतर गावात आगलाव्या म्हणून जन्म काढला असता. सभेत रडू फुटलं, बोलता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट म्हैसूर राज्य असतानाची. बौद्ध झाल्यावर आमच्या गल्लीनं मेलेली ढोरं ओढणं आणि पाटलांच्या दारात फुकट राबणं सोडलं होतं. तो राग पाटलांच्या मनात होताच, त्यात माझा नंबर मास्तरकीच्या ट्रेनिंगला लागला. त्याच सुमारास त्यांच्या मळ्यातली कडब्याची गंजी पेटली. दिवस मावळताना आपण विहिरीवर उभे होतो आणि लक्ष्मणला, म्हणजे मला, गंजीला काडी लावताना डोळ्यांनी पाहिलं, असं पाटलांनी पोलिसांत सांगितलं. मी तेव्हा घरात भाकरी खात होतो. पण घरच्यांची साक्ष कोण धरतो! जामिनावर सुटून आलो तर पाटलांचा निरोप आधीच येऊन बसलेला: आमचाच वकील देतो, पोरानं चूक कबूल करावी, दंडावर सोडवतो. थोरामोठ्यांना ते पटलंही. चुलते अक्काला म्हणाले, “पाण्यात राहून माशासंगं वैर कामून करायलीस, गया?” अक्का चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “दंड भरला म्हंजे काडी लावली म्हणून कबूल केल्यावानीच झालं की. मग ह्याला मास्तर कोण करंल? वकील मी बघते,” म्हणाली.

तिला अक्षरओळख नव्हती आणि नवरा लवकर गेलेला. मला घेऊन ती आळंदच्या कोर्टात जाऊन बसायची आणि काळ्या कोटातला कोण कसा बोलतो ते बघायची. मग एकेकाला गाठून एकच विचारायची, “आमचं रान बघायला येता का?” मी वैतागून म्हणालो, वकिलाला रान कशाला दाखवायचं? तर म्हणते कशी, “पोरगी न बघता सोयरीक करत न्हाईत, अन् रान न बघता भांडायचं व्हय?” पहिला वकील हसला आणि केस कागदावर चालते म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, कोर्टातले साहेब आपल्या ओळखीचे आहेत, पोरगा सुटलाच समजा. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, “अन् साहेबाची बदली झाली म्हंजे?” तिसरा आमच्याच समाजातला, नवा, गोड बोलणारा. सगळ्या गल्लीला तोच हवा होता. तोही शेवटी म्हणाला, “अक्का, मिटवून घ्या.” अक्का ताडकन उठली. “मिटवायला वकील कशाला? आमचे चुलते हायत की!” गल्ली रुसली तिच्यावर, पण तिनं मनावर घेतलं नाही.

गुलबर्ग्याचे कादरसाब वकील कुणाच्याच यादीत नव्हते, कारण ते पक्षकारांवर खेकसायचे. आमच्यावरही खेकसले. कन्नडमधली फिर्याद त्यांनी दोनदा वाचली आणि चष्म्यावरून बघत ओरडले, “इत्ते दिन कां थे तुम लोगां? बावडी पो से दिखा बोलके लिखे ना? पैले वो बावडी दिखाव मेरेकू!” आधी ती विहीर दाखवा म्हणत होते; अक्काचा प्रश्न तोंडातच राहिला. बाहेर येऊन तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “ह्योच.”

कादरसाब आले. पाटलोणीला बिलगणारी कुसळं उपटत, शिव्या घालत पाटलांच्या विहिरीच्या काठावर चढले. मला गंजीच्या राखेपाशी हात वर करून उभं केलं. मधे तूर होती, गंजी पेटली तेव्हापासूनच माझ्या डोक्याच्या वर गेलेली, फुलाशेंगांनी दाट. “दिसायलाय का ह्यो?” त्यांनी अक्काला विचारलं. “हात बी दिसंना जी,” अक्का म्हणाली. ही बातमी पाटलांच्या कानावर गेली आणि त्या आठवड्यातच त्यांनी ती उभी तूर कापून रान मोकळं केलं. शेंगा भरायच्या आत, हिरवीच! आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. आता कोर्टाला दाखवायचं काय? अक्का एकटी गुलबर्ग्याला जाऊन आली आणि सांगितलं, “ते हासायलेत रे लक्ष्या. पहिल्यांदाच हासताना बघितलं.”

ऐन उन्हाळ्यात पाटलांची उलटतपासणी झाली. काडी, गंजी, आग यातलं कादरसाबांनी काहीच विचारलं नाही. “औंदा आळंदच्या बाजारात तुमची तूर दिसली नाही, पाटील,” ते कन्नडमधून गोड आवाजात म्हणाले. आवाज गोड लागला तेव्हा मला वाटलं, हेही फिरले. पाटील म्हणाले, “लवकर कापली.” “शेंगा भरल्या होत्या?” “न्हाई.” “हिरवी तूर कामून कापली?” हा प्रश्न तेवढा त्यांनी आमच्या मराठीत विचारला. पाटलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मागं बसलेले शेतकरी आधी खुसखुसले, मग उघड हसले, आणि पुकारा करणारा शिपाईसुद्धा तोंड फिरवून उभा राहिला. तुरीच्या मुलखात हिरवी तूर कुणी उगाच कापत नाही; तिच्याआडून गंजी दिसत नव्हती म्हणूनच ती कापली, हे सगळ्यांना कळलं. मी निर्दोष सुटलो. अक्कानं कोर्टाच्या पायरीवर माझ्या पाठीत धपाटा घातला, “चल, ट्रेनिंगचं बघ आता,” म्हणाली, आणि तिथंच बसून हमसून रडली. तिला रडताना मी तेवढंच बघितलं.

त्यानंतर तालुक्याबाहेरूनही बायका तिच्याकडं यायला लागल्या. कुणाचा नवरा धरलेला, कुणाचा भाऊ. ती त्यांना घेऊन वकिलांचे उंबरे झिजवायची, नको तो वकील तोंडावर नाकारायची. पुढाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही. सोशिक म्हटलं की बरं पडतं एवढंच.

परवा मी तिच्या घराला कुलूप लावायला गेलो. दारात करजगीकडची एक बाई उभी होती, पायांवर बसची धूळ. “गयाक्का हायत का? माज्या पोराला धरून नेलंय जी. त्यानं काय केलं न्हाई.”

“अक्का न्हाई राहिली,” मी म्हणालो. बाईचं तोंड एवढंसं झालं. जायला वळली.

“थांबा. मी तिचा भाऊ.”

तिनं मला खालवर न्याहाळलं. “मास्तर? काडी लावली म्हणून धरलं होतं, ते?”

“व्हय, तोच,” म्हणालो आणि दार उघडलं. “आत या. पोराला कुठून धरलं, तिथून सांगायला लागा.”